नोकरी कंपनी देईल, खोली कोण देणार?

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रविवारी दुपारी चारच्या सुमाराला फाटक वाजलं. बाहेर दोन मुली उभ्या. बावीस-तेवीस वर्षांच्या असतील. एकीच्या हातात वहीचा फाडलेला कागद, त्यावर आमच्या गल्लीतल्या तीन घरांची नावं. "काकू, वरची खोली द्यायची आहे म्हणून कळलं."

खोली द्यायची होतीच. आधीचा भाडेकरू, बँकेतला मुलगा, बदली होऊन गेल्याला महिना झाला होता. मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि विचारपूस सुरू केली. गाव कुठलं? आडनाव काय? घरी कोण कोण असतं? दोघी आमच्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपनीत लाइनवर कामाला. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी. दुसरी म्हणजे दुपारी साडेतीन ते रात्री बारा. कंपनीची बस नाक्यावर सोडते, तिथून चालत घरी यायला साडेबारा.

साडेबारा ऐकलं आणि माझ्या तोंडून सहज निघून गेलं, "अगं, द्यायचीच होती खोली, पण आता माझ्या नणंदेची मुलगी शिकायला येणार आहे इथे."

माझ्या नणंदेला मुलगी नाही. दोन मुलगे आहेत, आणि दोघंही नोकरीला लागलेत. मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. हे उत्तर त्यांनी आधीच्या घरांतही ऐकलं असावं. "बरं काकू," म्हणाल्या आणि गेल्या.

मी हे विसरूनही गेले असते. पण पंधरा दिवसांनी मला त्याच कंपनीत मीटिंगला जायचं होतं.

थोडं सांगते. राजस्थानातल्या भंवरीदेवीच्या प्रकरणानंतर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं विशाखा निकाल दिला आणि पुढे २०१३ साली त्याचा कायदा झाला, हे तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल. दहा किंवा जास्त माणसं कामाला आहेत अशा ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी एक अंतर्गत समिती असावी लागते. तिची अध्यक्ष बाईच हवी, निम्म्या तरी सदस्य बायका हव्यात, आणि एक सदस्य कंपनीबाहेरची, स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेतली हवी. ती बाहेरची मी. आमच्या महिला मंडळामुळे ही खुर्ची माझ्या वाट्याला आली. मी बी.ए. मराठी, आयुष्यात कारखान्याची पायरी चढले नव्हते. गेली पाच वर्षं मात्र दर तीन महिन्यांनी जाते. तिथे येणाऱ्या तक्रारींबद्दल बाहेर बोलायला कायद्यानंच बंदी आहे, त्यामुळे त्या विषयात मी शिरत नाही. बाकी जे डोळ्यांना दिसतं, ते सांगायला हरकत नसावी.

तर त्या दिवशी मीटिंगच्या खोलीबाहेर भलंमोठं पोस्टर लावलेलं. त्यावर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो, एक मुलगी हेल्मेट घातलेली, एक मुलगा व्हीलचेअरवर, आणि खाली इंग्रजीत 'डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन'. कंपनीत या प्रकरणाला लाडानं 'डी अँड आय' म्हणतात. त्याचा वेगळा विभाग आहे, वेगळी मॅडम आहे, ८ मार्चला गुलाब आणि केक आहे. मॅडम मला मोठ्या उत्साहानं नवे आकडे दाखवत होत्या. गेल्या वर्षी लाइनवर इतक्या मुली, यंदा तितक्या. मीही कौतुकानं मान हलवत होते. मग आम्ही शॉपमधून जात असताना एका मशिनशी उभी असलेली मुलगी वळली, ओळखून हसली आणि म्हणाली, "नमस्कार काकू. आली का तुमच्या नणंदेची मुलगी?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच विचारलं होतं तिनं. मला मात्र त्या पोस्टरखालून परत जाताना मान वर करवेना.

'इन्क्लूजन'ला सरकारी मराठीत 'समावेशन' म्हणतात. जड शब्द आहे. आपला घरगुती शब्द आहे सामावून घेणं. आणि सामावून घेणं म्हणजे काय, हे आपल्याला कंपन्यांनी शिकवायला नको. नवी सून घरात येते, वाजतगाजत येते, उंबऱ्यावरचं माप ओलांडते. पण तिच्या साड्या ठेवायला कपाटात कप्पा असतो का? पहिले सहा महिने तिची बॅग पलंगाखाली असते. ओट्याची उंची सासूबाईंच्या मापाची, चहाची वेळ सासऱ्यांच्या सवयीची. घरात आली, पण घर तिच्यासाठी इंचभरही सरकलं नाही. याला भरती म्हणावं, सामावून घेणं कसं म्हणायचं? मोठ्या कंपन्यांचं पुष्कळदा असंच होतं. माप ओलांडण्याचा सोहळा थाटात होतो. कप्प्याचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

अर्थात माप ओलांडू देणं हीसुद्धा एके काळी केवढी गोष्ट होती! १९७४ सालची हकिगत तुम्ही ऐकली असेल. बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एम.टेक. करणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी नोटीस बोर्डावर पुण्याच्या टेल्को कंपनीची जाहिरात वाचली. हुशार तरुण इंजिनिअर हवेत, आणि खाली टीप, स्त्रियांनी अर्ज करू नयेत. त्यांनी तडक जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला. उत्तरादाखल मुलाखतीचं बोलावणं आलं, जाण्यायेण्याच्या खर्चासकट. मुलाखत घेणाऱ्यांनी अडचण सांगितली ती अशी, की आमच्या शॉपमध्ये आजवर बाईनं काम केलेलं नाही. शेवटी त्यांना घेतलं, आणि टेल्कोच्या शॉपमधली पहिली स्त्री इंजिनिअर म्हणून त्या रुजू झाल्या.

गुणवत्तेचं काय, बायकांसाठी दारं सैल करायची का, असं जे लोक तावातावानं विचारतात, त्यांनी ती जाहिरात आठवावी. कमी मार्कवाल्यांनी अर्ज करू नये, असं तिच्यात म्हटलं नव्हतं. बाईनं करू नये, असं म्हटलं होतं. परीक्षेच्या आधीच निकाल.

आणि हे एका कंपनीचं नव्हतं. १९४८चा कारखाना कायदाच म्हणत होता की बाईनं संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात काम करायचं नाही. हेतू संरक्षणाचा, पण पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला आयतं कारण मिळालं, बाई नकोच. एअर इंडियात तर हवाई सुंदरी पहिल्यांदा गरोदर राहिली की नोकरी संपायची. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानं ती अट रद्द केली. रात्रीच्या कामाची बंदीही पुढे हळूहळू सैल होत गेली. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या कामगार संहितेनुसार बाईची संमती असेल आणि तिच्या सुरक्षिततेची सोय असेल तर तिला रात्रपाळी करता येते. त्या टेल्कोचं नाव पुढे टाटा मोटर्स झालं, आणि अलीकडे त्याच पुण्यात त्यांनी गाड्या जोडण्याची एक अख्खी लाइन मुलींच्या हाती दिली. खेड्यापाड्यांतून आलेल्या हजारावर मुली तिथे हॅरियर, सफारीसारख्या गाड्या जोडतात. पन्नास वर्षांत एवढं बदललं. मला याचं मनापासून अप्रूप आहे.

पण मी आमच्या कंपनीत जे पाहते ते दाराच्या आतलं आहे.

पहिल्या वर्षी मी सहज विचारलं होतं, बायकांचं बाथरूम कुठे आहे? तर शॉपच्या दुसऱ्या टोकाला, ऑफिसच्या इमारतीत. जाऊन यायला बारा मिनिटं लागायची, आणि लाइन सोडायला सुपरवायझर दहा मिनिटं देणार. मुली काय करत होत्या? पाणीच पीत नव्हत्या. पाळीच्या दिवसांत सुट्टी घेत होत्या. मग रजिस्टर पाहून साहेब म्हणणार, मुलींची गैरहजेरी फार. हातमोजे पुरुषांच्या मापाचे, त्यामुळे बोटांची टोकं लोंबायची आणि स्क्रू धरता येत नसे, की मुली 'स्लो'. बूट सगळ्यांत लहान सात नंबरचे, आत कापूस कोंबून घालायचे. टेबल उंच. यातलं काहीच कुणी मुद्दाम केलेलं नव्हतं. तिथे आजवर जे उभे राहिले त्यांच्या मापानं सगळं केलेलं होतं, इतकंच. बाथरूम जवळ बांधायला दीड वर्ष गेलं. हातमोजे आठ दिवसांत आले, कारण ते मागावेत हेच कुणाला सुचलं नव्हतं.

बढतीचंही तसंच. लाइनच्या मुलीला 'लीडर' व्हायचं तर ट्रेनिंग हवं, आणि ट्रेनिंग ठेवायचे पाळी सुटल्यावर सहा ते आठ. घरी तान्हं मूल असलेली कशी थांबणार? "संधी सगळ्यांना सारखीच दिली मॅडम, बायकाच येत नाहीत," असं मला सांगण्यात आलं. सारखी दिली हे खरंच होतं.

एक मजेशीर नियम सांगते. जुन्या कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यानं पाळणाघर ठेवायचं होतं. यातून पळवाट साधी होती, बायका तीसवर थांबवा! २०१७ साली प्रसूतीच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा हे मोजमाप बदललं. बायका नाहीत, एकूण कर्मचारी मोजायचे, आणि ते पन्नास झाले की पाळणाघर. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं. हा बदल ज्यांनी केला त्यांना माझा नमस्कार, कारण यात बाप माणसंही मोजली गेली. त्याच दुरुस्तीनं पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. पण जिथे राज्य विमा योजना लागू नाही तिथे त्या रजेचा पगार सगळा मालकाच्या खिशातून जातो. साहजिकच नवीन लग्न झालेल्या मुलीला घेताना मालकाचा हात आखडतो. कायदा चांगला, खर्चाची वाटणी चुकलेली, असं माझं मत आहे.

आणि रजेवर गेलेलीच्या जागी बदली माणूस द्यायला हवं की नको? लाइनवर दहा जणांचं काम नऊ जणांनी करायचं, आणि मग त्या नऊ जणांनी कुरकुर करायची ती तिच्या नावानं. पुरुष सहकाऱ्यांची ही कुरकुर मी ऐकली आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. पण दोष तिचा कसा? माणूस न देणाऱ्या मॅनेजरचा आहे.

माझा भाचा सीए करतो. त्यानं मला एक चांगली गोष्ट दाखवली. शेअर बाजारात नोंदलेल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३पासून सेबीनं एक सविस्तर अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात बायका किती, अपंग किती, एवढंच नाही, तर बाळंतपणाच्या रजेनंतर परत आल्या किती आणि टिकल्या किती, हेही लिहावं लागतं. कायम कामगारांचा रकाना वेगळा आणि कायम नसलेल्यांचा वेगळा. मी तेव्हापासून पोस्टर बघत नाही, तो तक्ता बघते. किती आल्या हे पोस्टर सांगतं. किती टिकल्या हे तक्त्यात असतं. आणि बायका बहुतेक कुठल्या रकान्यात सापडतात, ते तुम्हीच ओळखा. ८ मार्चचा गुलाब कायमच्या बायकांना मिळतो, कंत्राटदाराच्या मुली दुसऱ्या गेटनं आत जातात.

आता फक्त बायकांचंच का बोलते? सामावून घ्यायचे बाकीचेही आहेतच. आमच्या पॅकिंगमध्ये एक मुलगा आहे, त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. कामाला इतका पक्का की त्याच्या हातचा खोका परत येत नाही. एकदा आगीचा सराव झाला. भोंगा वाजला, सगळे पळाले, हा एकटा आत खोके बांधत बसलेला. त्याला कुणी सांगितलंच नाही! सगळ्यांना हसू आलं. मला नाही आलं. नंतर भोंग्याबरोबर लाल दिवा फिरेल अशी व्यवस्था केली, खर्च किरकोळ. २०१६च्या अपंग हक्कांच्या कायद्यानं अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के राखीव जागा आहेत, खाजगी कंपनीवर तशी सक्ती नाही. म्हणजे सगळा मामला मनाच्या मोठेपणावर.

आणि जात, धर्म? याबद्दल पोस्टरवर अवाक्षर नसतं. अमरावतीकडचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल ॲटवेल यांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, बदललं फक्त नाव. एक नाव उच्च जातीचं वाटेल असं, एक दलित, एक मुस्लिम. पुढचं बोलावणं दलित नावाला कमी आलं, मुस्लिम नावाला त्याहून कमी. कागदावर दुसरा काही फरकच नव्हता.

हे वाचून मी पूर्वी कंपन्यांवर चिडले असते. आता वाचताना मला माझाच प्रश्न ऐकू आला. "गाव कुठलं? आडनाव काय?" कंपनीच्या साहेबानं निदान अर्ज तरी उघडून पाहिला असेल. मी पाण्याचा पेला हातात द्यायच्या आधी आडनाव विचारलं होतं.

मैत्रिणींनो, कोचीची गोष्ट ऐका. २०१७ साली तिथे मेट्रो सुरू झाली. कोची मेट्रो या सरकारी कंपनीनं तेव्हा २३ तृतीयपंथी व्यक्तींची नोकरीसाठी निवड केली. तिकीट खिडकीवर, स्वच्छतेच्या कामावर. देशभर वाहवा झाली, फोटो छापून आले. ही भरती कुटुंबश्रीमार्फत झाली होती. कुटुंबश्री म्हणजे आपल्या बचत गटांसारखंच केरळातलं बायकांचं मोठं जाळं. आणि मग पहिल्या काही आठवड्यांतच त्यातल्या काही जणींनी नोकरी सोडली. काम जमलं नाही म्हणून नव्हे. शहरात त्यांना कुणी खोली देईना. लॉजवर राहायचं तर रोजचं भाडं पगाराला पुरेना. कंपनीनं दार उघडलं होतं, गावानं लावून घेतलं. ते गाव म्हणजे काही वाईट माणसांचं गाव नव्हे. माझ्यासारख्या नणंदेच्या मुलीची वाट पाहणाऱ्या बायकांचं असेल.

मीटिंगमध्ये मी हा विषय काढला. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, गेटच्या बाहेरचं आम्ही काय करणार?" मला हे पटत नाही. पाळी कंपनीनं लावली, मग रात्री साडेबाराला नाक्यापासून घरापर्यंतचा अंधार कुणाचा? बस आणखी अर्धा किलोमीटर आत येऊ शकते. नोकरदार महिलांच्या वसतिगृहांची केंद्राची योजना सत्तरच्या दशकापासून आहे, आता तिला 'सखी निवास' म्हणतात. आमच्या तालुक्यात एकही नाही. अशा वसतिगृहासाठी कंपनीनं जागा द्यावी, सरकारच्या मागे लागावं, हे मी लेखी दिलं आहे.

तमिळनाडूनं हे मोठ्या प्रमाणावर केलं. श्रीपेरुंबुदूरजवळ फॉक्सकॉनच्या कारखान्यात हजारो मुली आयफोन जोडतात. २०२४च्या ऑगस्टमध्ये तिथे १८,७२० बायका राहू शकतील असं वसतिगृह सरकारच्या सिपकॉट महामंडळानं उभारून दिलं. केवढी सोय! पण त्याच वर्षी रॉयटर्सनं बातमी दिली की त्या कारखान्यात जोडणीच्या कामाला लग्न झालेल्या बायका घेत नाहीत. कंपनीनं आपण भेदभाव करत नसल्याचं सांगितलं, केंद्र सरकारनं अहवाल मागवला. त्याआधी २०२१च्या डिसेंबरमध्ये तिथल्या वसतिगृहांमधल्या जेवणातून मुलींना विषबाधा झाली होती, आणि मुली रस्त्यावर उतरल्या होत्या. म्हणून म्हणते, वसतिगृह हवं, पण तेवढ्यानं भागत नाही. मुलींना कारखान्याजवळच्या एका आवारात ठेवायचं, पाळीला न्यायचं, परत आणायचं, लग्न झालं की रामराम, हे सामावून घेणं नव्हे. सोय कुणाची होते ते पाहावं. माणसाला गावात राहता यावं, किराणा आपल्या पसंतीचा आणता यावा, रविवारी आई आली तर तिला खोलीवर नेता यावं.

आणि ते गाव म्हणजे आपण.

मी घरी बोलले. आमच्या ह्यांचं म्हणणं, "रात्री बाराला फाटक वाजणार, शेजारी बोलणार, उद्या काही झालं तर जबाबदारी आपली." यातलं शेवटचं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? मुली सुरक्षित राहाव्यात म्हणूनच आपण नाही म्हणतो, असं मी स्वतःला समजावलं होतं. पण मी नाही म्हटलं तरी त्यांची पाळी बाराला सुटायची ती सुटतेच. माझ्या नकारानं त्या रात्री लवकर घरी येणार नव्हत्या. आणखी लांब चालत जाणार होत्या.

सासूबाई पलीकडे वाती वळत बसल्या होत्या. एकोणऐंशीच्या आहेत, चौथी शिकलेल्या. म्हणाल्या, "आपल्या मनीला पुण्यात कुणी दिली खोली?"

माझी लेक दोन वर्षं पुण्यात नोकरी करते. तिला खोली मिळेपर्यंत आम्ही चार घरं फिरलो होतो. रात्री दहानंतर चालणार नाही, मित्र चालणार नाहीत, अंडं चालणार नाही. पाचव्या घरच्या बाईंनी फक्त विचारलं, "जेवतेस ना वेळेवर?" आणि किल्ली दिली. मी तेव्हा त्या चार घरांना इतकी नावं ठेवली होती की विचारू नका. ते सगळं मी सोयीनं विसरले होते.

मग मी त्या दोघींना शोधलं. नंबर घेतलाच नव्हता, तेव्हा कंपनीतल्या मॅडमना सांगून निरोप धाडला. मला नमस्कार करणारी होती, ती भेटली. दुसरी गेली. लांब पडायचं, रात्री रिक्षावाल्याचा एकदा त्रास झाला, तिच्या वडिलांनी येऊन सामान उचललं. आता घरी आहे, स्थळं बघताहेत. कंपनीच्या तक्त्यात तिची नोंद 'स्वेच्छेनं सोडली' अशी होईल. माझ्या फाटकाचा उल्लेख त्यात कुठे येणार नाही.

उरलेली रविवारी खोली बघायला आली, सोबत नवीन मैत्रीण घेऊन. मी चहा केला. नव्या मुलीनं नाव सांगितलं, आडनाव आपणहून सांगितलं नाही. प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, मी पोह्यांवर खोबरं घालायला उठले. भाडं ठरलं, डिपॉझिट एका महिन्याचं. रात्री येताना वाजवावं लागू नये म्हणून फाटकाची दुसरी किल्ली करायला टाकली आहे, आणि जिन्यावर दिवा लावून घ्यायचाय, इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणाला आहे. ह्यांनी अजून पूर्ण मान डोलावलेली नाही. शेजारच्या वहिनींनी कालच विचारलं, "नणंदेची मुलगी येणार होती ना?" म्हटलं, दोन आल्यात.